‘आनंद आतच असतो’ म्हणजे नेमकं कुठे?

दरवर्षी 20 मार्चच्या आसपास जगातल्या आनंदी देशांची यादी जाहीर होते आणि चार दिवस तिचीच चर्चा चालते. फिनलंड 2018 ते 2025 अशी सलग आठ वर्षं पहिला. एवढा लांबलचक, काळोखा हिवाळा असून पहिला कसा, यावर वाद रंगतो. मग कुणीतरी मोठ्या खात्रीने सांगून टाकतं, ‘अहो, आनंद बाहेर शोधायचाच कशाला, तो आपल्या आतच असतो.’ सगळे माना डोलावतात. आत म्हणजे कुठे, आणि तो आतच असेल तर सकाळी उठल्या उठल्या जाणवत का नाही, हे विचारायचं मात्र राहून जातं.

त्या यादीमागे खरं तर एकच प्रश्न असतो. 0 ते 10 पायऱ्यांची शिडी डोळ्यांसमोर आणायची. सगळ्यात वरची पायरी म्हणजे तुमच्यासाठी शक्य असलेलं उत्तम आयुष्य, तळाची म्हणजे वाईटात वाईट. आज तुम्ही कितव्या पायरीवर? प्रत्येक देशात वर्षाला साधारण 1000 लोकांना हे विचारतात आणि तीन वर्षांची सरासरी काढतात. थोडक्यात, माणूस आपल्या आयुष्याला मार्क देतो. ‘काल तुम्ही भरपूर हसलात का?’ असं विचारलं की लॅटिन अमेरिकेतले देश पुढे येतात. म्हणजे आयुष्याबद्दलचं समाधान आणि दिवसभरातली प्रसन्नता नेहमी एकत्र नांदतातच असं नाही. अध्यात्म ज्याबद्दल बोलतं ती तर तिसरीच गोष्ट: परिस्थिती वरखाली होत असताना मनाच्या तळाशी टिकून राहणारी स्वस्थता. हा लेख तिच्याबद्दल आहे.

## मग बाहेरचा आनंद खोटा का?

अजिबात नाही. बढती मिळाली, आजारातून उठलो, जिवलग माणूस भेटलं, की आनंद होतो आणि तो अस्सल असतो. अडचण त्याच्या टिकण्याची आहे. 1978 साली फिलिप ब्रिकमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत तीन गटांची तुलना केली: लॉटरी लागलेले 22 जण, अपघातात लुळेपणा आलेले 29 जण आणि सर्वसाधारण 22 जण. 0 ते 5 या मापावर लॉटरीवाल्यांचा आनंद 4.00 भरला, सर्वसाधारण लोकांचा 3.82. हा फरक धरण्याजोगा नव्हता. उलट गप्पा मारणं, मासिक वाचणं अशा रोजच्या गोष्टींतली गोडी लॉटरीवाल्यांना कमी वाटत होती. चांगल्या-वाईट बदलाची मनाला सवय होऊन त्याची धार बोथट होते, याला अनुकूलन म्हणतात.

या अभ्यासाचं नाव घेऊन ‘शेवटी सगळं सारखंच’ असं सर्रास सांगितलं जातं. ते चूक आहे. अपघातग्रस्तांचा आकडा 2.96 होता, म्हणजे इतरांपेक्षा स्पष्टपणे कमी. एकाच माणसांना वर्षानुवर्षं विचारत राहिलेल्या नंतरच्या अभ्यासांतही बेरोजगारी आणि गंभीर अपंगत्व यांची सवय पुरती होत नाही, असं दिसलं. चांगल्याला मन लवकर सरावतं, काही जखमांना मात्र सरावत नाही.

## हवंसं वाटणं वेगळं, आवडणं वेगळं

या विषयातला सगळ्यात उपयोगी शोध माझ्या मते हा आहे. मिशिगन विद्यापीठातल्या केंट बेरिज यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामाइन जवळजवळ संपवलं. डोपामाइन हे मेंदूतलं निरोप पोहोचवणारं रसायन. त्याला ‘आनंदाचं रसायन’ म्हणायची पद्धत पडली आहे. ते नसलेले उंदीर समोर अन्न असूनही उपाशी राहिले, तोंड पुढे करेनात. पण साखरपाणी थेट तोंडात सोडलं, की पूर्वीसारखेच मिटक्या मारायचे. गोडी शाबूत होती, ओढ गेली होती. म्हणजे डोपामाइनचा संबंध मुख्यतः हवंसं वाटण्याशी आहे. प्रत्यक्ष आवडण्याचं काम मेंदूतली दुसरी, बरीच छोटी केंद्रं करतात.

वोल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांवरच्या प्रयोगांनी दुसरी बाजू दाखवली. अचानक फळांचा रस मिळाला की डोपामाइनच्या पेशी उसळत. मग रसाआधी दिवा लागायला लागला. काही दिवसांनी पेशी दिवा लागताच उसळू लागल्या आणि प्रत्यक्ष रस मिळाल्यावर गप्प राहू लागल्या. दिवा लागून रस आलाच नाही, तर त्यांचा जोर नेहमीपेक्षाही खाली जाई. अपेक्षेप्रमाणे मिळालं तर ढिम्म, आणि नाही मिळालं तर हिरमोड! इच्छा पुरवत राहून मनाचं समाधान का होत नाही, याचं उत्तर बऱ्याच अंशी इथे आहे.

आता घराची किल्ली हरवल्याचं उदाहरण घ्या. खिसे उलटेपालटे केले, पिशवी रिकामी केली, घामाघूम झालो, आणि किल्ली अस्तराच्या फाटक्या भागात सापडली. जिवात जीव आला. मिळालं काय? सकाळी हीच किल्ली हातात होती आणि तिच्याकडे ढुंकून पाहिलं नव्हतं. सुख झालं ते शोधाशोध थांबल्याचं, पण मन ते किल्लीच्या खात्यावर जमा करतं. इच्छा पुरी झाल्यावर मिळणाऱ्या सुखात अशा थांबण्याचा वाटा मोठा असतो, हे अनेक आध्यात्मिक परंपरांनी फार पूर्वी हेरलं होतं. तगमग वस्तू मिळाल्याने जशी थांबते, तशी ती वेगळ्या वाटेनेही थांबवता येते, हा ‘आनंद आत आहे’ या वाक्याचा व्यवहारातला अर्थ.

उदाहरण फार ताणू नये. भुकेल्या माणसाला अन्न मिळतं तेव्हा नुसती शोधाशोध थांबत नाही, शरीराची खरी गरज भागते. गरज आणि ओढ यांतला फरक पुसून टाकणारं अध्यात्म पोट भरलेल्यांचंच असतं.

## आत काय असतं?

प्रामाणिकपणे पाहिलं तर आत आधी गोंगाट असतो. 2014 मध्ये टिमथी विल्सन यांच्या गटाने लोकांना 15 मिनिटं रिकाम्या खोलीत विचारांसोबत एकटं बसवलं. सोबत एक बटण: दाबलं की विजेचा सौम्य पण त्रासदायक झटका. हा झटका टाळण्यासाठी आपण पैसे मोजू, असं या लोकांनीच आधी सांगितलं होतं. तरी 18 पैकी 12 पुरुषांनी आणि 24 पैकी 6 बायकांनी तो स्वतःला एकदा तरी दिला. नुसतं बसवेना! त्याआधी 2010 मध्ये मॅथ्यू किलिंग्जवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी 2250 लोकांना फोनवरून दिवसात अधूनमधून विचारलं: आत्ता काय करताय, मन कुठे आहे, कसं वाटतंय? 46.9 टक्के वेळा मन भलतीकडेच होतं. मन भटकलेलं असताना माणसं एकूण कमी आनंदी होती, आणि गोड विचारांत रमलेली माणसंही हातातल्या कामात असलेल्यांपेक्षा जास्त आनंदी नव्हती.

या भटकंतीचा बराच भाग ‘मी’भोवती फिरतो: मला काय म्हणाले, माझं कसं होणार, मी तेव्हा असं बोलायला हवं होतं. हातात काम नसताना मेंदूचे काही ठरावीक भाग मिळून जागे होतात, हे मार्कस राइकली यांनी 2001 मध्ये मांडलं. स्वतःविषयीच्या विचारांशी त्यांचा जवळचा संबंध आहे. म्हणजे बडबड हा कुणाचा वैयक्तिक दोष नाही, रिकाम्या मेंदूची ती नेहमीची चाल आहे.

आध्यात्मिक परंपरा इथून पुढे एक पाऊल टाकतात. विचार येतात-जातात हे ज्याला कळतं, ते कळणं स्वतः विचारांसारखं हेलकावत नाही. राग आला हे जिथे समजतं, तिथे राग नसतो. राग न दाबता आणि त्याच्यामागे न जाता तो येताना-जाताना पाहणं म्हणजे साक्षीभाव. या पाहणाऱ्याचं मूळ स्वरूपच आनंद आहे, असं अद्वैत वेदान्त म्हणतो. पाहणारा असा कुणी कायमचा नसतोच, असं बौद्ध विचार म्हणतो. वाद हजारो वर्षांचा आहे आणि तो मिटेपर्यंत थांबायची गरज नाही, कारण सुरुवातीला करायला दोघेही जवळजवळ तेच सांगतात: बसा आणि पाहा.

## दहा मिनिटं बसायचं कसं

वेळ ठरलेली हवी. सकाळी फोन हातात घेण्याआधीची उत्तम. जेवणानंतर दोन तास तरी बसू नये, डोळे मिटायला लागतात. जमिनीवर बसायचं तर बैठकीखाली चार ते सहा इंच उंचीची उशी किंवा घडी घातलेलं पांघरूण घ्या. गुडघे कमरेच्या खाली गेले की पाठ आपोआप सरळ राहते. गुडघे वर राहिले तर कंबर मागे ढळते आणि पाचव्या मिनिटाला पाठ बोलू लागते. खुर्चीत बसलात तरी काही बिघडत नाही. पाठ टेकू नका आणि तळवे पूर्ण जमिनीवर ठेवा. हनुवटी किंचित आत. गजर लावून फोन उलटा ठेवा, म्हणजे घड्याळ बघायचा मोह होणार नाही.

पहिली दोन मिनिटं श्वास सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा थोडा वाढवा: चार आकडे मोजत आत, सहा मोजत बाहेर. श्वास घेताना हृदयाचे ठोके किंचित वाढतात आणि सोडताना मंदावतात, म्हणून लांब उच्छ्वासाने शरीर निवळतं. चक्कर आल्यासारखं वाटलं तर तुम्ही जोर लावताय, सोडून द्या. त्यानंतर श्वासाला त्याच्या मर्जीने चालू द्या आणि फक्त पाहा. नाकपुड्यांशी लागणारी हवा किंवा पोटाचं वरखाली होणं, दोन्हींपैकी एकच जागा धरा आणि निदान दोन आठवडे ती बदलू नका. प्रत्येक उच्छ्वासाला एक आकडा, दहापर्यंत, मग पुन्हा एक.

तिसऱ्या-चौथ्या आकड्याला मन निसटेल. कधी सव्विसावर पोहोचल्यावर लक्षात येईल की दहा केव्हाच मागे पडले. हीच ती मोलाची जागा. निसटलं हे कळलं, तो क्षण साक्षीभावाचा. स्वतःला न झापता एकपासून सुरू करायचं. दहा मिनिटांत असं तीस वेळा झालं तर तीस वेळा सराव झाला. ‘माझं मन लागतच नाही’ म्हणून सोडून देणारे नेमके इथेच फसतात. मन न लागणं त्यांना अपयश वाटतं, प्रत्यक्षात सरावाचा कच्चा मालच तो आहे.

आणखी काय काय बिघडतं? श्वासाकडे पाहायला गेलं की तो मुद्दाम घेतल्यासारखा वाटू लागतो. अशा वेळी लक्ष उच्छ्वासाच्या अगदी शेवटावर न्या, जिथे पुढचा श्वास आपसूक सुरू होतो. दोन-चार दिवसांत ओढाताण सुटते. झोप येत असेल तर डोळे अर्धे उघडे ठेवून चार फुटांवरच्या जमिनीकडे नजर लावा. रोजच येत असेल तर ध्यान सुधारायच्या फंदात न पडता आधी रात्रीची झोप पुरी करा. पायाला मुंग्या आल्या तर पाय खुशाल बदला, फक्त बदलायच्या आधी दोन श्वास थांबून ती अस्वस्थता पाहा. चिवट अडचण वेगळीच असते. एखाद्या दिवशी मन कमालीचं शांत होतं आणि दुसऱ्या दिवशी आपण तोच अनुभव मागायला बसतो. झालं! ती कालची शांतता आता नवी हरवलेली किल्ली. कालचं काल, एवढं म्हणून पुन्हा एकपासून मोजायला लागावं.

दहा मिनिटांवर एक महिना स्थिर झालात की मगच वीसवर जा. जॉन कबात-झिन यांनी 1979 मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात सुरू केलेल्या सजगतेच्या शिक्षणक्रमात आठ आठवडे, रोज सुमारे 45 मिनिटं सराव असतो. हा सराव घरीच करायचा असला, तरी त्याला दर आठवड्याच्या वर्गाची आणि शिक्षकाची जोड असते. घरी एकट्याने पहिल्याच आठवड्यात पाऊण तास ठरवणारे बहुधा दुसऱ्या आठवड्यात दिसत नाहीत.

## उरलेले तेवीस तास पन्नास मिनिटं

बसण्यात जे जमतं ते ओढीच्या वेळी वापरायचं असतं. काही विकत घ्यावंसं, पुन्हा पुन्हा फोन पाहावासा किंवा कुणाला तोडून बोलावंसं वाटलं, की ‘नाही’ म्हणू नका; ‘दहा मिनिटांनी’ म्हणा. तेवढ्यात ओढ शरीरात कुठे आहे ते पाहा: छातीत, जबड्यात, हाताच्या बोटांत. ती वाढते, टोकाला जाते आणि बऱ्याचदा उतरते. उतरली नाही तर खुशाल घ्या ती वस्तू. ओढीचा हुकूम लगेच पाळावा लागत नाही, हे अंगाने कळणं इथे महत्त्वाचं.

कृतज्ञतेची वही हा दुसरा उपाय बराच चघळला गेला आहे. एमन्स आणि मॅकलो यांच्या 2003 च्या अभ्यासात लोकांनी आठवड्यातून एकदा, जास्तीत जास्त पाच गोष्टी लिहिल्या, दहा आठवडे. गंमत म्हणजे सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या प्रयोगात आठवड्यातून एकदा लिहिणाऱ्यांना फायदा झाला, तीनदा लिहिणाऱ्यांना नाही. रोज लिहायला लागलं की त्याचाही रतीब होतो. तेव्हा आठवड्याला एकदाच, आणि नेमकं लिहा. ‘कुटुंब’ असं मोघम लिहून काही होत नाही. ‘मी चिडलेलो असताना बहीण काही न बोलता शेजारी बसून राहिली’ असं लिहिलं तर होतं.

आतली भर फक्त आत पाहून पडत नाही. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या मांडणीनुसार मनाच्या मूळ गरजा तीन: आपल्या मर्जीने जगता येणं, काहीतरी नीट जमणं आणि माणसांशी जोडलेलं असणं. हार्वर्डमध्ये 1938 पासून चालू असलेला दीर्घ अभ्यासही उतारवयातल्या स्वास्थ्याचा संबंध जवळच्या नात्यांशी जोडतो. आत पाहिल्याने नात्यांतला आपला हट्ट दिसू लागतो. माणसांची जागा काही त्याने भरत नाही.

## ‘हे सगळं सुखवस्तूंचे चोचले’

आक्षेप रास्त आहे. पैशाचा आनंदाशी संबंध असतो. अमेरिकेतल्या आकडेवारीवर डॅनियल कानेमान आणि किलिंग्जवर्थ यांची आधी परस्परविरोधी मतं होती. 2023 मध्ये बार्बरा मेलर्स यांच्यासोबत दोघांनी मिळून तीच आकडेवारी पुन्हा तपासली. बहुतेकांचा आनंद उत्पन्नाबरोबर वाढतच जातो, असं निघालं. तळातल्या साधारण पाचव्या हिश्श्याचं, म्हणजे सगळ्यात दुःखी लोकांचं, मात्र वर्षाला सुमारे 1 लाख डॉलरनंतर पैशाने फारसं हलेना. त्यांचं दुःख पैशाने मिटणारं नव्हतं. तेव्हा गरिबाला ‘आत पाहा’ सांगणं हा निर्दयपणा, आणि सगळं पैशाने सुटेल असं मानणं ही दुसरी चूक. अन्यायाच्या बाबतीतही तेच. छळ होत असेल तर तो थांबवायचा किंवा तिथून बाहेर पडायचं. तो शांतपणे सोसायला शिकवणारा गुरू बदलावा.

## ‘देव मानत नाही, मग?’

वर सांगितलेल्यातलं काहीही न मानता करता येतं. मानत असाल तर श्वासाच्या जागी नाम घ्या, बाकी रीत तीच: निसटलं, कळलं, परत आलो.

## ‘आनंदी व्हायचं ठरवलं तर होता येतं का?’

इथे एक मेख आहे. 2011 मध्ये आयरिस मॉस यांच्या गटाने काही जणींना ‘आनंद फार महत्त्वाचा’ अशा आशयाचा मजकूर वाचायला दिला आणि मग एक आनंदी चित्रफीत दाखवली. तो मजकूर न वाचलेल्यांपेक्षा त्यांना कमी आनंद झाला. ‘होतोय का, होतोय का’ असं तपासत बसलं की तगमग पुन्हा सुरू होते. म्हणून बसताना उद्दिष्ट लहान ठेवा: फक्त पुढचा श्वास.

## कधी थांबायचं

ध्यान सगळ्यांनाच मानवतं, हा समज धोक्याचा आहे. 2020 मध्ये मिगेल फारियास आणि सहकाऱ्यांनी 83 अभ्यास एकत्र तपासले. सुमारे 8 टक्के लोकांना चिंता, उदासी असे त्रास झालेले आढळले. मोठा मानसिक आघात सोसलेल्यांना डोळे मिटून आत पाहिल्यावर जुनी दृश्यं अंगावर येऊ शकतात. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, लक्ष श्वासाऐवजी तळपायांवर किंवा आजूबाजूच्या आवाजांवर ठेवावं आणि जाणकाराच्या सोबतीने करावं. आपण आपल्यापासून तुटल्यासारखं वाटणं, झोप उडणं, धडधड वाढणं असं काही दिवस चाललं तर सराव बंद करून डॉक्टरांना दाखवा. ‘ही साधनेतली पायरी आहे, दामटून पुढे जा’ असा सल्ला कुणीही दिला तरी ऐकू नका.

उदासी, कशातच रस नसणं, भूक-झोप बिघडणं, आपण निरुपयोगी असल्याची भावना हे दोन आठवडे जवळजवळ रोज टिकलं तर तो नैराश्याचा आजार असू शकतो. त्याला औषध आणि समुपदेशन आहे. मरणाचे विचार येत असतील तर दोन आठवडेही थांबू नये, त्याच दिवशी कुणाला तरी सांगून मदत घ्यावी. आनंद आत असताना आपल्यालाच का सापडत नाही, असा दोष आजारी माणसाने स्वतःला लावून घेणं हा या वाक्याचा सगळ्यात वाईट वापर आहे. गोळ्या चालू असतील तर ध्यान जमू लागलं म्हणून त्या आपल्या मनाने बंद करायच्या नाहीत.

## फरक पडतोय हे कशावरून कळेल?

बसल्यावर किती शांत वाटलं, यावरून नाही. ते झोप, हवा, आदल्या दिवसाची दगदग यांवर हलत असतं. राग आल्यापासून निवळायला पूर्वी किती वेळ लागायचा आणि आता किती, हे माप जास्त भरवशाचं. दिवसभर धुमसणारी गोष्ट दुपारपर्यंत विझते का? बोलणं तोंडून सुटायच्या आत एकदा तरी पकडता येतं का? सहा-आठ आठवड्यांनी घरातल्या माणसाला विचारा, आणि प्रश्न ‘मी सुधारलोय का?’ असा नको. ‘गेल्या महिन्यात मी तुझ्यावर किती वेळा खेकसलो?’ असा विचारा.